सहाव्या नळाचं दुखणं

शाळेच्या अंगणात ओळीनं सहा नळ होते आणि त्यातला सहावा जन्माचा रडका. मधल्या सुट्टीत सगळे नळ एकदम सुरू झाले की पहिल्याला धो धो पाणी, दुसऱ्या-तिसऱ्याला बरं, चौथा-पाचवा कुरकुरत, आणि सहाव्याला करंगळीएवढी धार, तीही थरथरत. नेमकी पहिलीची पिल्लं तिथंच उभी असायची, कारण जवळचे नळ मोठ्या पोरांनी आधीच बळकावलेले. घंटा झाली की रांगेतली निम्मी पोरं कोरड्या घशानं वर्गात परत.

हे दुखणं शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कारण मात्र एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो म्हणजे पक्कडमामा.

पक्कडमामा शाळेचा शिपाई. म्हणजे कागदावर शिपाई. बाकी सुतार तोच, प्लंबर तोच, अडकलेलं कुलूप उघडणारा तोच आणि पहिलीच्या पोराचं डोकं खिडकीच्या गजांत अडकलं तर साबण लावून सोडवणाराही तोच. मागच्या खिशात कायम पक्कड. ती टोचते म्हणून हा माणूस कधी बसतच नाही, अशी शिक्षक लोक चेष्टा करायचे. स्वतः शिकला चौथीपर्यंत. तेवढंच. पण एखादी वस्तू बिघडली की तिच्याकडे असा बघायचा, जसा डॉक्टर जीभ बघतो.

त्याची एकुलती एक मुलगी त्याच शाळेत चौथीत होती. तिला घरीदारी सगळे चौकशी म्हणायचे. नाव कुणी ठेवलं नाही, पडलं. बोलायला लागल्यापासून पोरगी प्रश्नच विचारायची. शाळा सुटली की सामानाच्या खोलीत उलट्या बादलीवर येऊन बसायची, बापाला पाना दे, स्क्रू दे, आणि तोंड अखंड चालू.

“बाबा, दाराला बिजागऱ्या दोनच का?”

“तिसरीला सुट्टी दिलीय.”

“बाबा, पाणी आपोआप वर का चढत नाही?”

“त्याला गुडघे नाहीत म्हणून.”

खरं असो, थाप असो, मामाकडे उत्तर तयार. पोरगी खूश आणि बाप तिच्यापेक्षा खूश. दिवसभर कुणी ‘मामा, हे उचल’, कुणी ‘मामा, ते पूस’. पण संध्याकाळी त्या बादलीसमोर तो जगातला सगळ्यात शहाणा माणूस असायचा. त्या अर्ध्या तासासाठी तो बाकीचा दिवस काढायचा म्हणा ना.

मग चौथीला नव्या बाई आल्या.

दिसायला काही विशेष नाही. किडकिडीत, चष्मा, खांद्याला एक फुगलेली पिशवी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गातले बाक फिरवून गोल मांडले. फिरवायला अर्थातच मामा. तिथपर्यंत ठीक. पण मग त्याच्या कानावर यायला लागलं की या बाई शिकवतच नाहीत.

म्हणजे उभ्या राहून सांगत नाहीत. एक खराखुरा प्रश्न आणतात आणि पोरांच्या मध्ये ठेवतात. त्या प्रश्नाच्या मागे पोरं धावतात आणि धावता धावता गणित येतं, विज्ञान येतं, लिहिणंही येतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना काही हे पटलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, “एक महिना करून बघा. महिनाअखेर पालकांना बोलवा, पोरांना काय समजलं ते दाखवा. नाहीतर बाक सरळ.”

नव्या बाईंनी पहिलाच प्रश्न काय आणावा? फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पहिलीची मुलं तहानलेली का राहतात?

मामा त्या वेळी खिडकीबाहेर बिजागरीला तेल घालत होता. बिजागरीला तेलाची काही गरज नव्हती. आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता. एक म्हणाला, पाइपात बेडूक बसलाय. दुसरी म्हणाली, पाणी पहिल्या नळापासून चालत येतं ना, शेवटपर्यंत दमतं. तिसऱ्याचं मत, पहिलीची मुलंच हळू पितात. मामा मनात म्हणाला, आता बाई सांगतील. आणि बाई काय म्हणाल्या?

“मला नाही माहीत. कसं शोधायचं?”

मामाच्या हातातून तेलाचा डबा पडता पडता राहिला. बाईला माहीत नाही आणि बाई ते मोठ्यानं सांगते! आणि त्याची स्वतःची पोरगी, खिडकीसमोरच्या बाकावर, डोळे असे लखलखत होते की दिव्यानं लाजावं. त्यानं आयुष्यभर उत्तरं दिली, तेव्हा हे डोळे असे कधी झाले नव्हते. तिथं पहिली ठिणगी पडली.

संध्याकाळी बादली रिकामी.

पोरगी वर्गात बसून तक्ता आखत होती. दुसऱ्या दिवशीही रिकामी. तिसऱ्या दिवशी आली खरी, पण दारातूनच म्हणाली, “बाबा, पाण्याला गुडघे नाहीत हे काही कारण नाही. आम्ही आज नळी वरखाली करून बघितलं.” आणि पळाली. मामा तिथंच हातात पाना घेऊन उभा. जसं कुणी दुकानाची पाटी उतरवून नेली.

चौथ्या दिवशी नव्या बाई स्वतःच सामानाच्या खोलीपाशी आल्या.

“मामा, एक विनंती होती. नळांचं कारण तुम्हाला माहीत असणार.”

“असणार म्हणजे? आहेच.”

“मग एवढंच करा. मुलांनी विचारलं तरी सांगू नका. उलट त्यांनाच विचारा, तुला काय वाटतं म्हणून.”

“म्हणजे मी गप्प बसायचं.”

“गप्प नाही हो, प्रश्न विचारायचे.”

“बाई, मला दार उघडायला ठेवलंय, फरशी पुसायला ठेवलंय. उलटे प्रश्न विचारायला नाही ठेवलेलं.”

बाई हसल्या. त्यांना वाटलं, मामानं विनोद केला. मामाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. अख्ख्या दुनियेत जी एक गोष्ट त्याला सगळ्यांपेक्षा जास्त येत होती, तीच न बोलायला सांगायला ही बाई त्याच्याच दारात आली होती. आणि गोड बोलून! भांडली असती तर बरं झालं असतं.

कारण तसं साधं होतं. गच्चीवर टाकी. टाकीतून एकच मोठा पाइप खाली यायचा, त्यावरच सहाही नळ. वर टाकीपाशी त्या पाइपाला एक गोल चाकाचा व्हॉल्व्ह होता. तो पूर्ण उघडायला आठ फेरे लागायचे, आणि मामानं तो कित्येक वर्षांपूर्वी तीन फेऱ्यांवर आणून ठेवला होता. खाली पाणीच कमी सोडलं, तर पहिल्या नळांनी ओढून घेतल्यावर शेवटच्याला काय उरणार? पहिलीच्या पिल्लांची तहान मामाच्याच हातची होती. कशासाठी आणून ठेवला होता, ते पुढे येईलच. त्या दिवसांत ते मामालाही आठवत नव्हतं. आठवत होती फक्त नवी बाई.

घरी जेवताना तेच.

“बाबा, आज आम्ही मोजलं! एक लिटरची बाटली. पहिला नळ नऊ सेकंदांत भरतो आणि सहावा एक्केचाळीस! आणि बाईंनी विचारलं, किती पट? तर मी सांगितलं, साडेचार पटीपेक्षा जास्त. बाई म्हणाल्या, कसं काढलंस? त्यांनाही माहीत नव्हतं!”

“त्यांना काहीच कसं माहीत नसतं गं?” मामा म्हणाला. “मला माहीत आहे ना. अगं, ते वर टाकीला...”

पोरीनं दोन्ही हातांनी कान झाकले.

“नको सांगू! बाबा, नको! ला ला ला ला ला!”

मामाचा घास हातातच राहिला. जी पोरगी विचारून विचारून भंडावून सोडायची, तिनं त्याच्या उत्तरावर कान झाकले. तेही हसत हसत, खेळ असल्यासारखे. शिवणयंत्रावर पोट भरणारी त्याची बायको बारीक नजरेची. कापडाची उसवण दिसावी तसं तिला नवऱ्याचं तोंड दिसलं.

पोरगी झोपल्यावर ती म्हणाली, “अहो, चेहरा किती पाडलाय! बाई तिची शिक्षिका आहे, सवत नाही तुमची.”

“कोण काय म्हणतंय?”

“तुम्ही काही म्हणत नाही तेच म्हणते मी. भाजी दोनदा वाढली, दोनदा मीठ नाही म्हणालात. मीठ होतं.”

पुढचे दिवस मामाचे असे गेले की वैऱ्याचेही जाऊ नयेत. जिकडे बघावं तिकडे चौथीची पोरं. नळापाशी बाटल्या, पायरीवर तक्ते. एक जाडा पोरगा सेकंद मोजायचा तो इतक्या घाईत मोजायचा की बाटली भरायच्या आत शंभर करायचा. मग त्यावरून भांडण, मग बाईंचं घड्याळ, मग एकच गोष्ट तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा, असला कायदा पोरांनीच केला. अपूर्णांकाच्या नावानं रडणारी पोरं पाव बाटली, पाऊण बाटली करत हिंडायला लागली. समजत होतं त्यांना, हे मामालाही दिसत होतं. दिसत होतं तेच तर दुखत होतं. बाई टाकाऊ असती तर हसून सोडलं असतं.

तो मुद्दाम नळांच्या आसपास झाडू मारायचा. वाटायचं, आता विचारेल. एकदा तरी वळून म्हणेल, बाबा, तुला काय वाटतं? पोरगी वळायची, म्हणायची, “बाबा, जरा सरक ना, बाटली ठेवायचीय.”

बरं, पोरांनी कारण शोधलं होतं का? नाही. ती नळापासून नळापर्यंत पोचली होती, वर कुणी बघितलंच नव्हतं. पण उपाय काढला होता. पहिलीला पहिले दोन नळ द्यायचे, मोठ्यांनी शेवटी जायचं, प्रत्येक नळावर किती मुलं आणि किती सेकंद याचा हिशोब मांडून. शुक्रवारी दुपारी पालकांसमोर आणि मोठ्या बाईंसमोर हे दाखवायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मामा वर्ग बंद करायला गेला. भिंतीवर तक्ता लावलेला. अकरा दिवसांचे आकडे, रंगीत रेघा, आणि खाली पोरीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आम्हाला मदत करणाऱ्यांचे आभार.’ त्यात बाईंचं नाव. तक्त्याचा कागद देणाऱ्या दुकानदाराचं. बाटल्या देणाऱ्या आयांचं. मामानं दोनदा वाचलं. बोट लावून वाचलं. झाडूही त्याचा, नळही त्याचे, पोरगीही त्याची आणि तक्त्यावर तो कुठंच नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तो नेहमीसारखा मोटार लावायला आला. टाकी भरली, मोटार बंद केली. मग कमरेची किल्ली काढून गच्चीच्या शिडीचं कुलूप उघडलं, वर गेला आणि व्हॉल्व्हचं चाक धरलं. गंजलेलं होतं, फिरेना. पक्कड लावून जोर केला. फिरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पूर्ण उघडा.

मनात काय होतं? चित्र होतं एक. मधल्या सुट्टीत सहाही नळांना धो धो पाणी येईल. सगळे म्हणतील, अरे, हे कसं झालं? मग तो सावकाश पुढे येईल आणि म्हणेल, ‘काही नाही, दोन मिनिटांचं काम होतं. अकरा दिवस कशाला घालवले?’ आणि पोरगी बाईंकडे न बघता त्याच्याकडे बघेल.

मधली सुट्टी झाली. सहाव्या नळाला असं पाणी आलं की पहिलीचं एक पिल्लू धारेनं दचकून मागे बसलं. मग एकच गोंधळ. पिल्लं नाचायला लागली, एकमेकांना भिजवायला लागली. मामा खांबाला टेकून उभा. आता, आता.

चौथीची पोरं शेवटचं मोजमाप घ्यायला बाटल्या घेऊन आली आणि थबकली. जाड्या पोरानं सेकंद मोजायला तोंड उघडलं तोवर बाटली भरली. पुन्हा मोजलं. सहावा नळ आठ सेकंद. पहिला पाच. कुणी हसेना. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपले सगळे आकडे खोटे झाले,” म्हणाली.

चौकशीनं तीनदा मोजलं. मग ती उठली आणि थेट बापापाशी आली. महिन्याभरात पहिल्यांदा, काहीतरी विचारायला.

“बाबा, तू काही केलंस?”

किती दिवस वाट बघितली होती या प्रश्नाची! पण तिचा चेहरा बघितला आणि मामाच्या घशात जे तयार वाक्य होतं ते तिथंच विरघळलं.

“मी? मी कशाला काय करू?” तो म्हणाला.

पोरीनं मान हलवली. विश्वास ठेवला. ते जास्त लागलं.

नव्या बाई आल्या. मामाला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर चिडेल. त्यानं अगदी निरखून बघितलं. बाईंचा चेहरा उतरला हे खरं. खालचा ओठ दाताखाली धरून त्या क्षणभर नळाकडे बघत राहिल्या. शेवटी दुपारच्या कार्यक्रमावर त्यांचं सगळंच अवलंबून होतं. मग पोरांना म्हणाल्या, “आता आपल्याकडे नवा प्रश्न आहे. काय झालं असेल?”

मेली, हरतही नाही, असं मामाच्या मनात आलं. आणि त्याचीच त्याला लाज वाटली, पण आलं हे खरं.

दुपारी दीडला पालक जमले. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मामाची बायकोही त्यात. मामा दारात. पोरांनी तक्ता दाखवायला सुरुवात केली तोच मोठ्या बाई आत आल्या, तोंड लालबुंद.

“मामा! शौचालयात पाण्याचा थेंब नाही! नळ कोरडे, टाकी कोरडी! सकाळी भरली होती ना?”

आणि तेव्हा मामाला आठवलं. बारा वर्षांपूर्वी असंच व्हायचं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पोरं नळ उघडे टाकून पळायची, आणि दुपारी टाकी ठणठणीत. शौचालयाला पाणी नाही, संध्याकाळपर्यंत हाल. मोटार दिवसातून एकदाच, सकाळीच लावता यायची. दिवसा विहिरीला पाणी नसायचं. म्हणून त्यानंच तर विचार करून, चार दिवस वर-खाली चढून, तीन फेऱ्यांवर बेत जमवला होता. बारा वर्षं शाळेचं पाणी दिवसभर पुरवलं ते त्या तीन फेऱ्यांनी. आणि जळफळाटापायी आपलंच केलेलं आपणच विसरला आणि उधळून बसला. असला घोळ दुसऱ्या कुणाला जमलाही नसता. त्यासाठी ते काम आधी इतकं चांगलं करून ठेवायला लागतं.

“बघतो,” तो पुटपुटला.

“थांबा,” चौकशी म्हणाली. ती फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती. “मोठ्या बाई, हे आमच्या प्रश्नातलंच आहे. सांगू का?”

मोठ्या बाई काही बोलायच्या आत तिनं फळ्यावर सहा नळ काढले.

“काल सहावा नळ एक्केचाळीस सेकंद घेत होता. आज आठ. पण पहिलाही नऊचा पाच झाला. फक्त सहावा दुरुस्त झाला असता तर पहिल्याला काय व्हायचं कारण? सगळेच सुधारले. म्हणजे बिघाड नळात नव्हताच. सगळ्यांचं पाणी जिथून येतं तिथं काहीतरी झालं.” तिनं एक उभी रेघ वर नेली आणि चौकोन काढला. “इथं. टाकीपाशी. तिथं जास्त पाणी सुटलं म्हणून नळ धो धो आले, आणि म्हणूनच टाकी लवकर संपली. दोन्हींचं कारण एकच आहे.”

एका पालकानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. मोठ्या बाई बसायला जागा शोधू लागल्या.

“तिथं काहीतरी फिरवायचं असणार,” ती म्हणाली, “आणि कुणीतरी आज ते फिरवलं. पण शिडीला तर कुलूप असतं, आणि किल्ली...”

ती थांबली.

तिनं दाराकडे बघितलं. मामाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बापलेकीची नजरानजर झाली आणि मामाला कळलं, तिला कळलं.

“किल्ली कुणाकडे असते?” जाड्या पोरानं विचारलं.

पोरीनं खडूकडे बघितलं. कान लाल झाले.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली.

महिनाभर बाईंचं हेच वाक्य ऐकून मामाचा जीव जळत होता. पण ते खरं असायचं. हे पोरीनं त्याच्यासाठी खोटं केलं होतं. एवढ्या लोकांसमोर, उत्तर हातात असताना, बापाला वाचवायला तिनं ते गिळलं. बाई जाऊ दे, त्या क्षणी मामाला स्वतःचाच एवढा राग आला की खिशातली पक्कड डोक्यात घालून घ्यावी.

“माझ्याकडे असते,” तो म्हणाला. “मी फिरवला. सकाळी. मगाशी विचारलंस तेव्हा खोटं बोललो.”

बायकोनं पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंनी “मामा!” म्हणून सुरुवात केली, पण चौथीच्या पोरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. ओरडा नाही, शिवी नाही, पोरं सरळ अंगावर प्रश्न घेऊन आली.

“मामा, किती फेरे?” “आधी किती होता?” मामानं सगळं सांगितलं, बारा वर्षांपूर्वीची कोरडी टाकी आणि ते तीन फेरेही. “तीनच का? अडीच का नाही?” “बारा वर्षांपूर्वी मुलं किती होती?” “गंजला नव्हता का?” “एक फेरा म्हणजे किती पाणी?”

“एक फेरा म्हणजे किती, ते...” मामानं डोकं खाजवलं. थाप तयार होती, जिभेवर होती. “ते नाही बाबा माहीत. मी अंदाजानं जमवलं होतं.”

“मग मोजायचं!” पोरं ओरडली. “सोमवारी चार फेरे, मंगळवारी पाच, आणि टाकी कधी संपते ते बघायचं.” कुणीतरी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं. पक्कड टोचली, पण तो बसला. नव्या बाई पार मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. ते बघून मामाला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण ‘ही बाई गप्प बसूनही जिंकते’ असं कुठंतरी टोचलंच. पक्कडीपेक्षा थोडं कमी.

निघताना मोठ्या बाई तक्त्यासमोर थांबल्या. नव्या बाईंना म्हणाल्या, “बाक आहेत तसेच राहू द्या.” मग मामाला, “आणि तुम्ही, आधी चार बादल्या शेजारून आणा.”

घरी जाताना बायको पुढे, बापलेक मागे. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानापाशी पोरीनं विचारलं.

“का फिरवलास?”

याचं उत्तर त्याला पक्कं माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माहीत असलेलं उत्तर द्यायला जड जात होतं.

“जळत होतो तुझ्या बाईंवर.”

“जळत म्हणजे?”

“तुझी मैत्रीण दुसरीच्या शेजारी जाऊन बसली की तुला होतं ना पोटात, तसं.”

पोरगी थांबली. वर बघितलं, अगदी नव्या बाईंसारखं, फक्त चष्मा तेवढा नव्हता.

“कधीपासून?”

“महिना झाला.”

“रोज? की कधी कधी?”

“रोज.”

“सगळ्यात जास्त कधी झालं?”

“तू कान झाकलेस तेव्हा.”

ती पायानं एक खडा ढकलत चालली.

“मला ते स्वतः शोधायचं होतं,” ती म्हणाली. “तू सांगितलं असतंस तर ते तुझं झालं असतं. पण तुला वाईट वाटतंय हे मला दिसलं नाही. मी नळाकडेच बघत होते.”

“तू बरोबर होतीस गं.”

“आत्ता होतंय? पोटात?”

मामानं खरोखर तपासून बघितलं. “होतंय. थोडं.”

“थोडं म्हणजे किती? बाईंना विचारू, यावर काय करायचं ते?”

“खबरदार!” मामा इतक्या जोरात ओरडला की पुढे चाललेली बायको गर्रकन वळली आणि चांभारानं हातोडी खाली ठेवली. पोरगी पोट धरून हसायला लागली. बापाच्या हातात तिनं हात घातला, तोही तेल लागलेल्या बोटांत.

“बरं, नाही विचारत. मीच बघते. पण एकदा विचारून नाही कळत, तीनदा विचारायला लागतं. आता सोमवारी परत विचारीन.”

सोमवारी कशाला, उद्याही चालेल की, असं मामाच्या अगदी ओठांवर आलं होतं.